बोडक्या मानेची भानगड

"बाई, या जरा गडग्याशी. चहा राहू दे, चहा काय पळून जातोय? नानांची पिल्लं निघाली!"

"निघाली? म्हणजे या खेपेला जमलं म्हणायचं."

"जमलं हो. पण..." काकूंनी खालच्या घराकडे एक नजर टाकली. पडवीत कुणी नव्हतं, तरी आवाज उतरवला. "पण ते सांगते मागाहून. आधी नानी काय म्हणाल्या ते ऐका."

काकूंची ही जुनी रीत. नोट कनवटीला लावून ठेवायची आणि आधी चिल्लर खर्चायची. मी पाण्याची कळशी गडग्यावर टेकवली. जांभ्याचा गडगा आहे, कमरेइतका उंच, दोन्ही बाजूंनी कोपर टेकून गुळगुळीत झालेला. आमच्या वाडीतल्या सगळ्या बातम्या याच चिऱ्यांवर पिकतात.

"नानी म्हणाल्या, माझ्या तीन बाळंतपणांत हा माणूस रात्री एकदा उठला नाही. पोर रडून रडून निळं पडायचं तरी घोरत पडायचा. आता अंडी फिरवायला गजर लावून उठतो!"

"रात्रीसुद्धा?"

"रात्री, पहाटे, दुपारी. अंड्यांवर पेन्सिलीने एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोळा. आत्ता फुली वर, मग गोळा वर. आणि वहीत लिहायचं, बँकेत लिहायचे तसं. किती वाजता फिरवली, किती गरम होतं. नानी म्हणतात, माझा ताप कधी असा लिहिला नाही."

फिरवायला हवीतच, नाहीतर आतला जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून बसतो, असं मी म्हटलं. कोंबडी स्वतःच दिवसभर चोचीने अंडी उलटीपालटी करत असते, कडेची मध्ये आणि मधली कडेला.

"ते मला सांगता? जन्म गेला माझा कोंबड्या रवणीला बसवण्यात. पाटीत पेंढा, पेंढ्यात मूठभर राख, म्हणजे पिसवा होत नाहीत. बारा अंडी, एक लोखंडी खिळा."

"खिळा कशाला?"

"गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. माझी सासू ठेवायची. हसू नका. तुमच्या पुस्तकात नसेल."

पुस्तकात नव्हताच. हसले मात्र नाही, कारण नानांनी पहिल्या खेपेला जे केलं त्यापुढे खिळा म्हणजे शहाणपणा होता. आषाढात मांडली होती अंडी. खोकं मासळीवाल्याकडून आणलेलं थर्मोकोलचं, गरम पाण्याने कितीदा धुतलं तरी बांगड्याचा वास जाईना, आणि वाडीतली दोन मांजरं दिवसरात्र पडवीत ठाण मांडून. आत जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, तापमान बघून बल्ब बंद-चालू करणारी एक चपटी पट्टी, आणि बल्ब. बल्बाची तर वेगळीच कथा. तालुक्याच्या गावात दुकानदार एलईडी काढून दाखवत राहिला. नाना म्हणाले, मला उजेड नको, ऊब हवी. शेवटी मांडववाल्याच्या जुन्या माळेतून चाळीसचे पिवळे बल्ब मिळाले.

"आणि अंडी साबणाने घासली होती," काकू म्हणाल्या. "माझी अंडी! घरच्या कोंबड्यांची! मी पदरात घालून नेऊन दिली, तर हे मोरीवर बसून नारळाच्या काथ्याने घासतायत. म्हटलं नाना, न्हाऊ काय घालताय त्यांना?"

कोंबडी अंडं घालताना त्यावर पातळसा लेप चढवते. वाळला की दिसत नाही, पण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून घाण आत शिरू नये म्हणून तो असतो. उबवायची अंडी धूत नाहीत ती यासाठी. माखलेलं असेल तर ते बाजूला काढायचं आणि आमलेटात घालायचं. फ्रिजमधलीही नकोत. गार कोनाड्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली, आठवड्याच्या आतली अंडी घ्यावीत. आणि दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांतून पिल्लू निघेल अशी आशा धरणारे लोकही आहेत. त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो.

"पण बाई, घासलेली म्हणून नासली नव्हती ती. मी फोडून बघितली ना. पिल्लं पुरी झालेली, पिसंसुद्धा आलेली. ओली चिंब आणि फुगलेली. कवच फोडायला चोच लावली होती दोघांनी. तिथेच मेली. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी."

तो पाण्याच्या वाटीचा प्रताप. नानांनी मोबाइलवर कुठल्या तरी कोरड्या मुलखातल्या माणसाचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणाला, खोक्यात पाणी ठेवा, नाहीतर अंडी सुकतात. त्याच्या गावी खरंच असेल. आपल्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो! मी नानांना फळ्याविना समजावलं होतं: पावसातली हवा ओलीने भरलेली, ती खोक्यात साडेसदतीस अंशांवर तापली की तिची आर्द्रता आपोआप पन्नास टक्क्यांच्या आसपास उतरते. पहिले अठरा दिवस अंड्याला तेवढीच लागते. त्यात वाटी ठेवली की काटा सत्तरीवर. मग अंड्यातलं पाणी बाहेर पडत नाही. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन शंभराला बारा-तेरा उतरलं पाहिजे. तेवढी हवेची पोकळी बोथट टोकाला तयार होते, आणि बाहेर यायच्या आधी पिल्लू पहिला श्वास तिथला घेतं. पोकळीच अपुरी, तर ते आतल्या आत बुडतं.

"म्हणजे माझी सासू म्हणायची तेच. पागोळ्या गळत असताना रवण मांडू नये."

"तसंच नाही काकू. वाटी काढली असती तर पावसातही निघाली असती."

"निघाली असती, आणि गारठ्याने मेली असती. पावसाळ्यातलं पिल्लू जगवून दाखवा मला. दिवाळी झाली की मांडावं, शिमग्यापर्यंत हाताशी येतात."

यावर मी गप्प बसले. हे त्यांचं खरं आहे.

या खेपेला नानांनी मार्गशीर्षात मांडली. आता उलट प्रकार. थंडीतली हवा कोरडी, खोक्यात तापली की आर्द्रता तिशीखाली जाते, म्हणून आता वाटी हवी! नाना चक्रावले. म्हणाले, बाई, तुम्हीच म्हणालात पाणी नको. शेवटी मी माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा देऊन टाकला. म्हटलं, वाटीकडे बघू नका, अंड्याच्या वजनाकडे बघा. हे त्यांना पटलं. आकडा दिसला की बँकवाल्याचा जीव थंडावतो.

"आणि त्या अर्ध्या रात्री लाईट गेली होती, तेव्हा कळलं का तुम्हाला काय केलं ते?"

"बाटल्यांत गरम पाणी भरून ठेवलं म्हणे."

"ते ठीक. त्यावर गोधडी. कुठली गोधडी? नानींच्या आईने शिवलेली! लेकीला पांघरू दिली नाही कधी, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, ती काढून त्या मासळीच्या खोक्यावर. नानी दोन दिवस बोलत नव्हत्या."

गोधडी नसती तरी चाललं असतं. खोकं बंद ठेवलं की ऊब पटकन उतरत नाही, आणि अंडी थोडा गारवा सोसतात. कोंबडी रोज उठतेच की, पंधरा-वीस मिनिटं, दाणा-पाण्याला. अंड्यांना खरी भीती जास्त उष्णतेची. चाळिशीच्या पुढे गेलं की काही खरं नाही.

"उठते ना. एकदाच उठते दिवसातून. आणि उठली की ती घाण! देवा, अख्खं खळं सोडून जावंसं वाटतं. सगळं धरून ठेवलेलं असतं बिचारीने, पाटीत नको म्हणून."

मग काकूंनी खुडूक कोंबडी कशी ओळखायची याची उजळणी घेतली. पिसं फुगवून बसते, हात लावला की गुरगुरते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते, त्याच उघड्या कातडीची ऊब अंड्यांना लागते. खुडूक मोडायला लोक तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस खुपसतात. काकूंना तो प्रकार मुळीच खपत नाही. "बसायचं म्हणते तर बसू दे की. बाईमाणूस वर्षातून एकदा स्वस्थ बसू म्हणतं, तेही बघवत नाही लोकांना."

मी त्यांना सांगितलं की इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्या असत, हजारो अंडी एकावेळी उबवायच्या, कोंबडीशिवाय. शतकानुशतकं चालत आलेलं काम. तापमापक नव्हता, तर तिथला माणूस अंडं डोळ्याच्या पापणीला लावून बघायचा. रेओमूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते ऐकून स्वतः खटपट केली, कुजत्या लिदीच्या उबेवर अंडी उबवायची, आणि १७४९ मध्ये त्यावर पुस्तकच छापलं.

"लिदीच्या? बरं झालं नाना फ्रेंच नाहीत." काकू थांबल्या. मग परकराच्या ओच्यातून एक अंडं काढलं (त्यांच्या ओच्यात कायम एखादं असतं) आणि डोळा मिटून पापणीला लावलं. बराच वेळ. "गालापेक्षा बरं कळतं हो," म्हणाल्या आणि अंडं परत ठेवून दिलं.

"काकू, ते मागाहूनचं?"

"सांगते. आधी त्या टॉर्चचं बोलू दे. तुम्ही होतात ना?"

होते. सातव्या रात्री नानांनी माजघरातले दिवे घालवून सगळ्यांना बोलावलं होतं. कॅलेंडरच्या जाड कागदाची नळी, तिच्या एका तोंडाला मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या तोंडाला अंड्याची बोथट बाजू. पहिलं अंडं नुसतंच पिवळं उजळलं, पाण्यासारखं. ते फळलेलंच नव्हतं. दुसरं ठेवलं आणि आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं, मध्ये काळा ठिपका. ठिपका हलत होता. उगाच नाही, आतून ढकलल्यासारखा, थांबून थांबून. नातू म्हणाला, आजोबा, हे धडधडतंय. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासूनच काळीज चालू झालेलं असतं, हे मला पाठ होतं, मुलांकडून घोकून घेतलेलं. तरी मी चष्मा पुसला.

"मीही पाहिलं," काकू म्हणाल्या. "माझ्या अंड्यांत काय असतं ते मला पहिल्यांदाच कळलं. पण नानांसमोर म्हटलं, यात काय, मी नुसतं हातात घेऊन सांगते."

"आणि शेवटचे तीन दिवस? खोकं उघडायचं नाही म्हणून मी बजावलं होतं."

"नाना आणि न उघडणार? अठराव्या दिवसानंतर फिरवायचं काम संपलं, तर हाताला चैन नाही. पंधरा-पंधरा मिनिटांनी झाकण. नानी म्हणाल्या, त्यांना आता कुणाचा गजरही लागत नाही. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली, मग तर खोक्यापाशीच जेवायला बसले. दर खेपेला झाकण उघडलं की वाफ बाहेर. पडदा सुकून वाळक्या केळीच्या सोपटागत झाला एका अंड्याचा. पिल्लू आत अडकलं."

"मग चिमटा घेतला असेल."

"भिवयांचा! सुनेचा! भोक पडलेलं, त्यातून चोच दिसतेय, म्हणजे मदत करावी म्हणून कवच सोलायला गेले. रक्त आलं. मला हाक मारली तेव्हा हात थरथरत होते त्यांचे. मी दुसरं काही बोलले नाही. ओल्या फडक्याने अंडं झाकलं आणि म्हटलं, नाना, आता बाहेर जाऊन बसा."

चोच मारून भोक पाडल्यावर पिल्लू थांबतं, कधी बारा तास, कधी त्याहून जास्त. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दमलं, मेलं. आत त्याचं काम चालू असतं. पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घ्यायचं असतं, उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घ्यायचा असतो. त्याआधी सोलायला जाणं म्हणजे चालू नळ तोडणं. बलक पोटात गेला की पुढे दोनेक दिवस पिल्लाला खायला-प्यायला दिलं नाही तरी चालतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून गाडीने लांब लांब पाठवता येतात. नानी पहिल्याच तासाला कणी भरडायला बसल्या होत्या म्हणे.

"जगलं का ते?"

"जगलं. पायात जरा फेंगडं आहे. नातवाने त्यालाच आपलं म्हटलंय." काकूंनी पुन्हा खाली बघितलं. आता नोट निघणार. "बाई, पिल्लं वाळली, फुलली. कापसासारखी. आणि बघते तर काय, निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मानेवर पीस नाही! उघडी, तांबडी मान."

"बोडक्या मानेची?"

"नानांना वाटलं बल्बाने भाजली! खोबरेल तेल घेऊन बसले बोटाने चोळत. एकेकाला धरून. नानींनी हळद पुढे केली. मी हसले, बाई, मला हसू आवरेना. म्हटलं, अहो भाजलेली नाहीत, ही जातच बोडक्या मानेची. बोलले आणि तोंडात जीभ तशीच राहिली."

कारण आमच्या वाडीत बोडक्या मानेचा कोंबडा एकच. तात्यांचा. त्यांच्या मुलाने केरळातून आणलेला, वरच्या अंगाला राहतो. पिसं कमी म्हणून उकाड्यात इतर कोंबडे धापा टाकत असताना हा आपला उंडारत असतो. आणि तात्यांचं आणि काकूंचं गेली कित्येक वर्षं विहिरीच्या वाटेवरून बोलणं नाही.

"माझ्या एकाही कोंबडीची मान बोडकी नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच तर. तो गुण आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो. आई नाही म्हणजे बाप. गळ्याशी पुढे पिसांचा छोटा झुपका आहे का पिल्लांच्या?"

"आहे. टायसारखा."

"मग एकाच बाजूने आलाय. दोन्हीकडून आला तर बहुधा तोही राहत नाही."

"पण मी कोंबड्या आत कोंडल्या होत्या! नानांना अंडी द्यायची ठरली तशी आठ दिवस आधी. आमचा लाल कोंबडा होता सोबत."

"लाल एका पायाने लंगडा, काकू. आणि आठ दिवस पुरत नाहीत. कोंबडीची कोंबड्याशी एकदा गाठ पडली की पुढे दोन आठवडे, कधी तीनसुद्धा, तिची अंडी फळतात. ती साठवून ठेवते."

काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी कडी लावायच्या आधीच..."

"तात्यांचा कोंबडा इकडे यायचा की तुमच्या कोंबड्या तिकडे जायच्या, ते मला ठाऊक नाही."

"माझ्या कोंबड्या कुठे जात नाहीत!"

"बरं. पण बाकीची पिल्लं पिसांच्या मानेची आहेत ना? ती लालची असू शकतात. त्याची अब्रू अगदीच गेली नाही."

त्या जरा निवळल्या. मग हिशेब सुरू झाला. नर किती, माद्या किती? त्यांनी नानांना गोल अंडीच वेचून दिली होती. टोकदार अंड्यातून नर निघतो अशी त्यांची खात्री. मी म्हटलं, आकाराचा काही संबंध नाही, उबेचाही नाही. अंडं पोटात तयार होतानाच ठरलेलं असतं, आणि कोंबड्यांत ते मादीकडून ठरतं.

"म्हणजे?"

"माणसांत मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून ठरतं. पक्ष्यांत उलट. कोंबडीच्या बाजूने."

काकू गडग्यावरचं सुकलेलं शेवाळ नखाने खरवडत राहिल्या. चार मुली आहेत त्यांना. चारही चांगल्या सांभाळतात त्यांना.

"पुरुषाकडून?" त्या म्हणाल्या. "आणि त्या बाईने मला शेवटपर्यंत..." वाक्य तिथेच सोडलं. "तुम्ही मास्तरीण, हे मला तीस वर्षांपूर्वी सांगायचंत."

मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. आता सासू कुठे आणि मी कुठे. पिल्लांचं बघू."

पिल्लांची व्यवस्था त्यांनी आधीच लावून टाकली होती. नाना बल्बाखाली वाढवायचं म्हणत होते, पहिल्या आठवड्याला पस्तीस अंश, मग दर आठवड्याला थोडं कमी. बल्बाखाली दाटीवाटीने गोळा झाली तर गारठतायत, चोची वासून कडेला पळाली तर उकडतंय. वही न उघडताही कळतं. पण लाईटचा भरवसा नाही, आणि मांजरं तर पडवीतच आहेत. काकूंची एक कोंबडी कधीपासून रिकाम्या पाटीत खुडूक होऊन बसली होती, दोन फुटकळ अंड्यांवर. रात्री अंधारात काकू गेल्या, अंडी काढली आणि एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सारलं. दिवसा केलं असतं तर टोचून मारलं असतं. सकाळी ती उठली ती आपलीच म्हणून, क्लक-क्लक करत सगळ्यांना घेऊन खळ्यात.

"बोडक्या मानेच्यांनाही?"

"तिला काय फरक पडतो? फरक वाडीला पडतो."

"आणि मानमोडीची लस?"

"तेच तर म्हणतेय! म्हणून तर तुम्हाला हाक मारली." काकू सरळ उभ्या राहिल्या. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस पाचव्या ते सातव्या दिवसात डोळ्यात एकेक थेंब घालायची असते. नाहीतर मान पिरगळून खुराडेच्या खुराडे आडवे होतात. गावाने ते पाहिलेलं आहे. "दवाखान्यातली बाटली शंभर पिल्लांची. फोडली की दोन तासांत संपवायची. आपल्या पिल्लांसाठी फोडली तर बाकीची फुकट. म्हणून नानांनी काय केलं असेल? अख्ख्या वाडीला निरोप धाडला, रविवारी सकाळी ज्यांची असतील त्यांनी पिल्लं घेऊन पडवीत या. तात्यांनासुद्धा!"

"म्हणजे तात्या येणार. म्हणजे बघणार."

"बघणार. आणि हसणार. आणि विहिरीवर सगळ्यांना सांगणार की काकूंच्या घरात माझा कोंबडा. वर दोन तलंगा मागेल वाट्याच्या, बघाच तुम्ही."

"मग काय करणार? झाकून तर ठेवता येणार नाहीत."

"झाकतेय कशाला?" काकूंनी ओचा सावरला. आतलं अंडं शाबूत आहे ना ते चाचपलं. "मी रात्रभर विचार करून ठेवलाय. तात्या पडवीत आले रे आले की त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच विचारणार, चारचौघांत, नानींच्या देखत. तात्या, पोरं तुमच्या कोंबड्याची. अंडी माझी, लाईट नानांची, पाटी माझी, दायी मी. कणीचं पोतं कधी टाकताय?"

"देतील?"

"न देऊन सांगतील कुणाला? तुम्ही फक्त तो झुपक्याचा नियम त्या वेळी मोठ्याने सांगा. शाळेत सांगायचात तसा."

खालून नानांची हाक आली, काकू, फेंगडं पिल्लू पाण्याच्या बशीत पडलंय. "बशीत दगड घाला म्हणून किती वेळा सांगितलं!" असं ओरडत काकू गडग्यावरूनच पलीकडे उतरल्या, वळसा न घालता.